पाठीमागची वीण

ओफेग ओताऱ्याच्या तोंडून कुणाचं कौतुक निघालेलं आमच्या कौपांगात, खाडीवरच्या आमच्या व्यापारी गावात, कुणी कधी ऐकलं नाही. फारच झालं तर "चालेल" म्हणायचा, आणि तेही जिवावर आल्यासारखं. शेजारी विफिल राहायचा, शिंगांचे कंगवे करणारा, महा चावट माणूस. तो म्हणायचा, "उद्या सूर्य ओफेगच्या दारात येऊन उभा राहिला ना, तरी हा म्हणेल, कडा जरा घासायला हव्या होत्या." लोक खो खो हसायचे. ओफेगच्या कानावर जायचं, पण तो काही हसायचा नाही. कपाळावर मधोमध दोन उभ्या आठ्या होत्या, त्या जन्मतःच घेऊन आला असावा.

तसा माणूस वाईट नव्हता हो. उपाशी आलेल्याला त्याने दारातून परत पाठवलं नाही, कुणाचा वाटा मारला नाही, दारू पिऊन कुणावर हात टाकला नाही. तरुणपणी दक्षिणेत डेन लोकांच्या मुलखात एका ओताऱ्याकडे बारा वर्षं भाता ओढला, मग आमच्या खाडीवर आला, बंदराच्या वरच्या अंगाला बुटकं घर बांधलं, ग्युरिदशी लग्न केलं आणि मूस तापवत बसला ती चाळीस वर्षं. चार मुलं झाली. तीन पाळण्यातच गेली, एक मुलगी जगली. आस्नी.

आमच्याकडे बायकांच्या झग्याचे दोन पट्टे खांद्यांवरून पुढे येतात आणि छातीवर दोन ब्रोचमध्ये अडकतात. पालथ्या वाटीसारखे फुगीर, कांशाचे, नेहमी जोडीने. लग्नात अंगावर चढतात आणि बाई मेली की तिच्याबरोबर मातीत जातात. ब्रोच नसलेली बाई म्हणजे धड न नेसलेली बाई. जितेपणी लाज, आणि मेल्यावर त्याहून मोठी, कारण तिथे उसना मागायला शेजारीण नसते.

हे ब्रोच ओफेग ओतायचा. लाकडाचा कोरलेला नमुना घ्यायचा, त्यावर ओली माती दाबायची, नमुना काढून घ्यायचा. मातीत नक्षी उलटी उठलेली असते. त्या खोलगटात एक ओलं फडकं नीट बसवायचं आणि त्यावर आतल्या बाजूची माती दाबायची. मग दोन्ही भाग सोडवायचे, फडकं काढून टाकायचं आणि भाग परत जुळवायचे. फडक्याच्या जाडीएवढी जी फट उरते, तिच्यात वितळलेलं कांसं जातं. म्हणून आमच्या ब्रोचच्या आतल्या बाजूला, जी बाजू बाईच्या छातीला लागते आणि कुणाला दिसत नाही, तिथे कापडाची वीण उमटलेली असते. धागान् धागा मोजून घ्यावा इतकी स्पष्ट.

फडकी ग्युरिद द्यायची. ती विणकरीण, खाडीच्या ह्या काठावर तिच्या तोडीची दुसरी नव्हती. चिंधी खरखरीत असो की मऊ, ओफेगला काही फरक पडायचा नाही. "पाठीमागचं कोण बघतंय?" म्हणायचा आणि हाताला लागेल ती चिंधी बसवायचा.

आता नक्षीचं सांगायचं तर ओफेगचा हात ओतकामात पक्का, पण कोरण्यात जेमतेम. आमच्या नक्षीत असतात ते एकमेकांना पंजांनी धरलेले प्राणी, कुणी शेजाऱ्याचा गळा धरलेला, कुणी पाय, कुणी चौकट. ओफेगचे प्राणी म्हणजे पाण्यात पडून फुगलेले उंदीर. हे त्याला कुणी तोंडावर सांगितलं नाही, पण त्याला कळत होतं. ज्याला दुसऱ्याच्या कामातली खोट दिसते, त्याला स्वतःची दिसत नाही असं थोडंच आहे?

आस्नी सतरा वर्षांची होती तेव्हा एका हिवाळ्यात तिने सफरचंदाच्या लाकडाचा एक तुकडा घेतला आणि गुपचूप कोरायला लागली. बाप आला की तुकडा आईच्या लोकरीच्या टोपलीखाली. चार महिन्यांनी तिने तो बापापुढे भट्टीच्या कडेवर ठेवला.

सहा प्राणी होते. एवढ्याशा जागेत सहा, आणि सगळे जिवंत. पंजाचं एकेक बोट वेगळं, नख रुतलेलं. एकाने मान मुरडून मागे बघितलेलं. एकाने दुसऱ्याचा कान धरलेला. आणि मधल्याने कुणाचा नाही, स्वतःचाच गळा धरलेला, आणि त्याच्या कपाळावर दोन उभ्या आठ्या.

ओफेगने तो तुकडा हातात घेतला, उजेडाकडे धरला, फिरवला. बराच वेळ. आस्नी भात्यापाशी उभी होती, हात पाठीमागे बांधून.

"कडा जाड झाल्यात," तो म्हणाला.

पण त्या वसंतात त्याने ओतले ते त्याच नमुन्याचे ब्रोच. उन्हाळ्याच्या पहिल्या आठवड्यातच सगळे गेले. बायका दारात गर्दी करायला लागल्या. एकीने विचारलं, "ओफेग, हे प्राणी कुणी कोरले रे? जणू आत्ता चावतील!" आस्नी तिथेच भाता दाबत होती. ओफेग मान वर न करता म्हणाला, "ह्या घरात ओतारी किती आहेत?"

भाता क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला. बस्, एवढंच.

तिने दुसरा नमुना कोरायला घेतला. अर्धा झाल्यावर बापाला दाखवायला आणला, तर त्याने बघितलंच नाही, पाठ फिरवून चिमटे शोधत बसला. त्याच उन्हाळ्यात काल्फ नावाचा एक तरुण बायको शोधत बंदरात आला. आइसलँडला जमीन धरायला निघालेला, मान जराशी तिरकी, बोलायला साधा. त्याने आस्नीसाठी विचारलं आणि ओफेगने त्याच दिवशी हो म्हणून टाकलं. लोक म्हणाले, पोरीचं नशीब उघडलं. आणि ओफेगला स्वतःला पुरतं ठाऊक होतं की आपण लेकीला लांब का देतोय. आपल्याच भट्टीपाशी, आपल्याच घरात, आपल्यापेक्षा चांगला हात. ते त्याला सोसवेना. आहे ते हे असं आहे, गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

"बाबा, मी गेल्यावर नमुने कोण कोरणार?" आस्नीने एकदाच विचारलं.

"तू जन्माला यायच्या आधी मी काय इथे लापशी ओतत होतो?"

तिच्या लग्नाची जोडी त्याने तिच्याच नमुन्यावर ओतली. त्या जोडीसाठी ग्युरिदने चिंधी दिली नाही. मागावर मुद्दाम वीतभर कापड विणलं, तिच्या सगळ्यात बारीक सुताचं, तिरप्या चौकटींच्या विणीचं. विणताना डोळ्यांना धार लागलेली, त्यात बाण्याचा एक धागा घालायचा राहिला. या काठापासून त्या काठापर्यंत एक बारीक रेघ पडली. दुसऱ्या कुठल्या दिवशी तिने सगळं उसवून परत विणलं असतं. त्या दिवशी हात लावला नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "तिच्या छातीशी आईची एक चूक तरी राहील."

कापडाचे दोन तुकडे झाले, दोन्ही ब्रोचच्या पाठीवर ती रेघ उमटली. पुढे वारा अचानक फिरला आणि काल्फच्या गलबताने दोन दिवस आधीच शीड चढवायला घेतलं. ओफेगने घाईघाईत पाठीमागे पट्टे अडकवायचे लोखंडी काटे बसवले. ग्युरिदने एक उघडून बघितला.

"हा काटा ढिला वाटतो रे."

"पाठीमागचं कोण बघतंय? दे इकडे."

आस्नी निघताना दारात थांबली. जोडी छातीवर, हातात गाठोडं. खालून काल्फ हाका मारत होता. ओफेग भट्टीपाशी वाकून मुशीतली राख काढत होता. त्या मुशीत राख नव्हतीच.

"बाबा," ती म्हणाली, "तो सफरचंदाच्या लाकडाचा... बरा झाला होता ना?"

विचारायला किती अवघड गेलं असेल पोरीला! नाक मुठीत धरून विचारणाऱ्यातली ती नव्हती. ओफेगने वर बघितलं नाही.

"गलबत सुटेल. जा."

ती गेली.

त्यानंतर चौदा उन्हाळे गेले. त्या नमुन्याने ओफेगचं नाव सात खाड्यांपलीकडे नेलं. आमच्याकडच्या निम्म्या बायकांच्या छातीवर आस्नीचे प्राणी आहेत, आणि प्रत्येकजण म्हणतो, ओफेगचा हात म्हणजे हात! लाकूड मात्र ओल्या मातीने झिजत गेलं. पंजांची बोटं एकमेकांत मिसळली, नखं गेली, मधल्याच्या कपाळावरच्या आठ्याही गेल्या. लोकांना तरी तेच हवं असायचं. आस्नीची खबर दोनदा आली. मेंढ्या आहेत, घर आहे, बरी आहे. मग खबर बंद झाली. ग्युरिद दर उन्हाळ्यात धक्क्यावर जायची आणि पश्चिमेकडून आलेल्या प्रत्येक गलबताला विचारायची. खलाशी लांबूनच हात हलवून नाही म्हणायचे. तरी ती जवळ जाऊन विचारायची.

चौदाव्या उन्हाळ्यात, गवतकापणीच्या दिवसांत, स्टिर आला. स्टिर मोडीचा व्यापारी, फुटक्या कांशाची पोती घेऊन बंदरोबंदर फिरणारा, तोंडाने तिखट. ओफेगने एक पोतं घेतलं आणि ऐरणीपाशी ओतलं. बिजागऱ्या, घोड्याच्या साजाचे तुकडे, वाकलेल्या पट्ट्या. हातोड्याने एकेक तोडून मुशीत टाकायला लागला. मग हातात एक ब्रोच आला.

अख्खा होता, फक्त काटा नव्हता. वरचे पंजे धारदार, बोटन् बोट वेगळं. ओफेगला आधी आनंदच झाला. पहिल्या हंगामातला दिसतोय, म्हणाला मनाशी, तेव्हा नमुना कसा कोरा होता! मधला प्राणी त्याच्याकडे टक लावून बघत होता. कपाळावर दोन आठ्या. ओफेगने हातोडा उचलला, सवयीने ब्रोच पालथा केला आणि अंगठ्याला काहीतरी लागलं.

तिरप्या चौकटींची वीण. मधून आडवी गेलेली एक रेघ. एक धागा नसलेली.

ओफेगला पळताना आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. हातात हातोडा तसाच. विफिल कंगव्याला दाते पाडत बसला होता, तो ओरडला, "काय ओफेग, कुणी 'छान' म्हणालं की काय तुला?" ओफेगने ऐकलंच नाही.

स्टिर धक्क्यावर दोर गुंडाळत होता.

"हे कुठून आणलंस?"

"अहो म्हातारबा, पोत्यात हजार तुकडे असतात. प्रत्येकाचा मामा-काका लक्षात ठेवू का मी?"

"हा लक्षात आण."

त्याच्या आवाजात काहीतरी होतं. स्टिरने दोर खाली ठेवला, ब्रोच हातात घेऊन बघितला. "हां, हां. हा पश्चिमेच्या बंदरात मिळाला. आइसलँडचा होता माणूस, मान अशी वाकडी. नवी बायको बरोबर होती. त्याची पहिली बाळंतपणात गेली म्हणाला, पोरीसकट. तीन हिवाळे झाले. मी म्हटलं, बाबा रे, मग हा मातीत का नाही गेला? तर म्हणाला, काटाच तुटला होता ह्याचा, बरीच वर्षं पेटीत पडून होता. तिकडे कोण दुरुस्त करणार? एकच लावून पुरली बिचारीला. दुसऱ्या पट्ट्याला दोरी बांधली." त्याने ब्रोच परत दिला. "का हो, ओळखीचा निघाला की काय?"

"नाही," ओफेग म्हणाला. "काटा कुणी बसवला होता ते बघत होतो."

घरी येऊन त्याने ब्रोच साच्याच्या मातीच्या पिंपात, अगदी तळाशी खुपसला. जेवताना ग्युरिदने वाळवलेला मासा आणि ताकाचा वाडगा पुढे ठेवला आणि विचारलं, "स्टिरकडे काही खबर?"

"कसली खबर? मोडीवाला तो."

"विचारलंस तरी का?"

"विचारलं. काही नाही."

मासा तसाच राहिला. ग्युरिदची नजर तोवर अधू झाली होती, पण ताट भरलेलं आहे की रिकामं, एवढं तिला दिसायचं.

गवत कापून झालं, बार्ली घरात आली, पहिलं दव गोठलं. ओफेग रोज पिंपात हात घालून तो ब्रोच चाचपायचा. त्याच्या डोळ्यांपुढून एक गोष्ट हलेना. बाळंतपणात गेलेल्या बायका आमच्याकडे कमी नाहीत, ते दुःख निराळं. पण ती दोरी! सात खाड्यांच्या बायकांना धड नेसवणाऱ्या ओताऱ्याची लेक, आणि मेलेल्यांच्या पंगतीत एका खांद्याला दोरी बांधून बसलेली. आणि ती दोरी बांधायला लावली कुणी? ह्याच हाताने. एका ढिल्या काट्याने.

समुद्रात बुडालेल्यांसाठी, परमुलखात मेलेल्यांसाठी आमच्याकडे खाडीवरच्या उतारावर मातीचा ढिगारा घालतात, आत माणूस नसला तरी. आत त्याच्या वस्तू ठेवतात, म्हणजे जिथे असेल तिथे त्या त्याला पोचतात. ओफेगने ठरवलं, आस्नीचा ढिगारा घालायचा आणि त्यात जोडी ठेवायची. पुरी जोडी. त्यासाठी ह्या ब्रोचचा जोडीदार ओतायला हवा. ग्युरिदला काय सांगायचं ते नंतर बघू, असं म्हणून त्याने ते पुढे ढकललं. एखादं गलबत आल्यावर सांगू, तिथून खबर आली म्हणू.

आता दुसरा कुणी असता तर चिंधी घेतली असती आणि ओतून मोकळा झाला असता. पण ओफेगच्या डोक्यात भूत शिरलं होतं. जोडी म्हणजे जोडी. पुढून सारखी तशी पाठीमागूनही सारखी हवी. जन्मभर ज्या पाठीकडे ढुंकून बघितलं नाही, तिच्यापायी आता झोप उडाली.

"वीतभर कापड हवंय," तो ग्युरिदला म्हणाला. "तिरप्या चौकटींचं. तुझ्या बारीक सुताचं."

"कुणासाठी?"

"गिऱ्हाईक आहे एक."

"साच्यात घालायला बारीक सूत? पाठीमागचं कोण बघतंय, ही कुणाची बडबड ऐकत म्हातारी झाले मी?"

"विणतेस की नाही?"

तिने विणलं. नजर गेली होती, पण बोटं शाबूत होती. चार दिवसांनी तिने कापड त्याच्या हातात ठेवलं. ओफेगने ते उजेडात धरलं. नितळ, एकसारखी वीण, कुठे बोट ठेवायला जागा नाही.

"हे नाही चालणार," तो म्हणाला.

"काय खोट आहे त्यात?"

"खोटच नाहीये. मधे एक धागा सोडायला हवा बाण्याचा. आडवा. खालून सातव्या चौकटीच्या वर..."

बोलता बोलता तो थांबला. उशीर झाला होता. ग्युरिद मागाला हात टेकून उभी होती. मागाच्या खाली टांगलेली ताण्याची दगडी वजनं एकमेकांवर आपटून टकटक करत होती.

"जन्मात एकदा धागा सोडला मी," ती म्हणाली. "एकदाच. तो तू कुठे बघितलास?"

ओफेगची नजर पिंपाकडे गेली.

"कुठे आहे?"

त्याने पिंपात कोपरापर्यंत हात घातला, ब्रोच काढला, पाण्यात बुडवला आणि तिच्या ओंजळीत ठेवला. तिने पुढची बाजू बघितलीसुद्धा नाही. पालथा करून अंगठा फिरवला. रेघेवर आल्यावर अंगठा थांबला.

"दुसरा?"

"तिच्या अंगावर."

मग त्याने सगळं सांगितलं. बाळंतपण, पोरगी, पेटीत पडलेला ब्रोच, दोरी. काही लपवलं नाही. ग्युरिद रडेल, किंचाळेल, ब्रोच अंगावर फेकेल असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"काटा ढिला आहे, म्हणाले होते मी," ती म्हणाली.

आणि तीन दिवस ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने ते नितळ कापड बाजूला ठेवलं आणि मागावर नवा ताणा चढवला. सातव्या चौकटीच्या वर आली आणि अडली. धागा सोडायचा म्हणून हात आवरायची, पण बोटांना पन्नास वर्षांची सवय, ती आपोआप धागा घालून मोकळी व्हायची. परत उसवायची, परत तेच. ओफेग दारातून बघत होता. शेवटी तिने हाक मारली, "इकडे ये. माझा हात धर इथे." त्याने तिचा हात मनगटाशी धरून ठेवला, आणि तेव्हा कुठे ती चूक जमली.

जुना लाकडी नमुना इतका झिजलेला की त्याचा उपयोग नव्हता. ओफेगने आलेल्या ब्रोचवरच माती दाबली, सुईने एकेक नख परत उठवलं. मधल्या प्राण्याच्या कपाळावर सुई फिरवताना त्याचा हात थांबला. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याला कळलं की त्या आठ्या कुणाच्या आहेत. पोरीने त्याला तिथे बसवून ठेवलं होतं, स्वतःचाच गळा धरलेला.

माती वाळताना आकसते, त्यामुळे नवा ब्रोच जुन्यापेक्षा बार्लीच्या एका दाण्याच्या फरकाने लहान आला. ओफेग डोकं धरून बसला. "परत ओततो."

"परत ओतलास तरी तेवढाच येणार," ग्युरिद म्हणाली. "लहान तर लहान. लहानगीही होतीच ना तिच्याबरोबर." काटे मात्र त्याने असे बसवले की बैल बांधला तरी तुटायचे नाहीत. दोन्ही शंभर शंभर वेळा उघडून मिटून बघितले.

जमीन पुरती गोठायच्या आत आम्ही सगळे उतारावर जमलो. बिअर झाली, आस्नीचं नाव घेऊन झालं, खड्ड्यात लाकडाची पेटी ठेवली. पेटीत जोडी, ग्युरिदने विणलेला एक पट्टा, एक कंगवा. तो विफिलने दिला होता, आणि त्या दिवशी त्याने एकही थट्टा केली नव्हती. मग ओफेगने अंगरख्यातून सफरचंदाच्या लाकडाचा नमुना काढला आणि तोही पेटीत ठेवला.

विफिल पुढे झाला. "अरे वेड्या, पोटाचं साधन पुरतोस? ह्याच्याशिवाय ओतणार काय तू?"

"माझं नाही ते," ओफेग म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा नमुना मी कोरला नाही. आस्नीने कोरला. चौदा वर्षं तुम्ही सगळ्यांनी मला वाखाणलंत ते तिच्या कामासाठी. मला एक पंजा असा कोरता येत नाही."

एका म्हातारीने डोळ्याला शालीचं टोक लावलं. "बघा गं," ती म्हणाली, "किती जीव असेल लेकीवर. स्वतःच्या हातचं काम तिच्या नावावर करतोय." बायका मुसमुसायला लागल्या. कुणीतरी ओफेगच्या पाठीवर हात ठेवला.

"अरे मूर्खांनो, खरं सांगतोय मी!" ओफेग ओरडला. "तुमच्या छातीवर बघा! मधल्याच्या कपाळावर आठ्या आहेत, ह्या माझ्या! बापाची टर उडवली आहे पोरीने! मी स्वतःची अशी कोरेन का?"

बायकांनी माना खाली घालून आपापले ब्रोच बघितले. विफिलनेही शेजारणीच्या ब्रोचवर वाकून, डोळे बारीक करून बघितलं. तिथे झिजलेल्या नमुन्याचं गुळगुळीत कपाळ होतं.

"मला तर अस्वल दिसतंय रे," तो हळूच म्हणाला. "चल, बस जरा. दोन घोट घे."

पेटी उघडून दाखवायला ओफेग वाकला, पण तोवर माणसांनी माती लोटायला सुरुवात केली होती. त्या दिवसापासून आमच्या कौपांगात ओफेगचं नाव दुप्पट झालं. केवढा कारागीर, आणि केवढा बाप!

उतरताना त्याने ग्युरिदची बाही धरली. "तू तरी सांग त्यांना. तुला माहीत होतं ना?"

"माझ्याच टोपलीखाली लाकूड लपवायची ती."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. माझ्याकडून तिला काही नको होतं." ग्युरिदने बाही सोडवून घेतली. "तुझ्या तोंडून हवं होतं. दारात उभी होती तेव्हा."

घरी आल्यावर ग्युरिदने चूल पेटवली आणि लापशीचं भांडं ठेवलं. ओफेग आत आलाच नाही. दारात उभा राहिला, चौकटीला हात लावून, आस्नी उभी होती तिथेच. खाली बंदरात एकही गलबत उरलं नव्हतं.

"बरा झाला होता," तो शेवटी म्हणाला. "माझ्यापेक्षा चांगला झाला होता, पोरी."

ग्युरिद आत लापशी ढवळत होती. ढवळता ढवळता ती थांबली, आणि मग परत ढवळायला लागली.

"दार लाव," ती म्हणाली. "थंडी येतेय."